गाडीतला पहारा

शामराव रामटेके बँकेच्या दारात उभे राहायचे. काम एवढंच. ऐकणाऱ्याला वाटतं, उभं राहणं हे काय काम झालं? ज्याला तसं वाटतं त्याने एक दिवस उभं राहून बघावं. सकाळी टाचा बोलायला लागतात, दुपारी कंबर, आणि शटर खाली येईपर्यंत गुडघे दुसऱ्याच कोणाचे तरी वाटायला लागतात.

शामरावांनी उभं राहण्याची रीत बसवली होती. भार एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, पण बघणाऱ्याला माणूस हललेला दिसता कामा नये. भिंतीला टेकायचं नाही. टेकण्याची सवय लागली की पाठ सरळ व्हायला मागत नाही. बंदुकीचा पट्टा सकाळी उजव्या खांद्यावर, जेवणानंतर डाव्या. नळीचं तोंड वर. पैसे काढायला आलेल्या म्हाताऱ्यांना पायरीवर हात द्यायचा तो मोकळा हात, बंदुकीचा नाही.

बंदूक बँकेची नव्हती, शामरावांची होती. दिल्लीत असंच चालतं. बँकेला गनमॅन लागतो तो स्वतःची दुनळी आणि स्वतःचं लायसन्स घेऊन येणारा. लायसन्स आहे तर गनमॅन. नाही तर नुसता गार्ड, आणि नुसत्या गार्डला त्या दारात जागा नाही. मुदत संपत आली की शामराव कितीतरी आधीपासून कागद गोळा करायला लागायचे. त्या एका लायसन्सवर त्यांचं दार होतं.

ते मूळचे भंडारा जिल्ह्यातले, पवनीकडचे. वडील विड्या वळायचे. शामरावांना बसून करायचं काम नको होतं, म्हणून ते फौजेत गेले, आणि नाईक होऊन बाहेर पडले. मेहुणा दिल्लीत केंद्राच्या एका खात्यात होता. त्याच्या आधाराने ते बायकोला घेऊन इकडे आले आणि द्वारकेच्या मागे, पालमच्या बाजूला, एका गल्लीत राहिले. बायको चंदाबाई साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. बाहेर दोघं हिंदी बोलायची, घरात मराठी. भांडण मात्र कुठेही असलं तरी मराठीतच.

रविवारी बंदूक साफ व्हायची. चंदाबाई जमिनीवर जुना पेपर पसरायची. शामराव नळी वेगळी करायचे, दस्ता वेगळा, आणि एकेक भाग फडक्याने पुसून तेलाचा हात द्यायचे. मध्येच कोणी हाक मारली, दूधवाला आला, तर ते उठायचे, पण उठण्याआधी म्हणायचे, "चंदा, बस इथे."

"पळून जाणार आहे का ती?"

"हत्यार एकटं सोडायचं नाही."

चंदाबाई बसायची. हातातलं काम घेऊन बसायची, पण बसायची. फौजेतले हे दोन नियम शामरावांच्या हाडात गेले होते. हत्यार वापरात नसेल तर खोलून ठेवायचं, आणि ते जिथे असेल तिथे पहाऱ्याला संत्री असायचा. फौज सुटली, पण नियम घरी आले आणि चंदाबाई संत्री झाली. यात काही चुकतंय असं दोघांपैकी कोणालाच कधी वाटलं नाही.

त्या वर्षी मुदत ऑगस्टअखेरीस संपत होती. नूतनीकरणाचा अर्ज मुलाने, सिद्धांतने, ऑनलाइन भरून दिला. मग मोबाइलवर निरोप आला. अमुक दिवशी लायसन्सच्या कचेरीत या, तपासणीसाठी हत्यार सोबत आणा. दिवस पंधरा ऑगस्टच्या आधीच्या आठवड्यातला होता. शामरावांनी बँकेतून रजा घेतली, आपली जुनी मारुती धुतली, दाढी केली.

चंदाबाई म्हणाली, "मीही येते. परत येताना कापड घ्यायचंय."

तिने पिशवीत गवारीच्या शेंगा घेतल्या. रिकाम्या हाताने बसणं तिला जमत नसे.

कचेरीचं आवार मोठं. गाड्या आत लावायला जागा होती. शामराव खांद्याला खोळ अडकवून इमारतीच्या दाराशी गेले तर तिथल्या शिपायाने हात आडवा केला.

"ये अंदर नहीं जाएगी, ताऊ."

"बोलावलंय बंदुकीसकट," शामरावांनी हिंदीत सांगितलं आणि मोबाइल दाखवला.

"बुलाया होगा. आधी टोकन, मग नंबर. नंबर आला की बाहेर येऊन घेऊन जायची."

"तोवर कुठे ठेवू? कोत कुठे आहे?"

फौजेत हत्यारांच्या कोठीला कोत म्हणतात. शिपायाला हसू आलं. "ही काय पलटण आहे? जमा करायची खोली होती, तिथे रंगकाम चाललंय. गाडी में रख दो. सब रखते हैं."

शामराव गाडीकडे परतले. गाडीत ठेवायची म्हणजे कशी ठेवायची, हे शिपायाने सांगितलं नाही, आणि शामरावांना विचारायची गरज वाटली नाही. त्यांना येतच होतं. मागच्या सीटवर बसून त्यांनी बंदूक खोलली. नळी एका खोळीत, दस्ता दुसरीत. दोन्ही सीटखाली सरकवल्या. काडतुसं घरीच होती. मग ते उतरले आणि चंदाबाईला मागच्या सीटवर बसवलं.

"मी येईपर्यंत उतरायचं नाही. कोणालाही हात लावू द्यायचा नाही."

"पाणी संपलं तर?"

"तहान लागेल."

"फौजेतच राहायचं होतं तुम्ही," चंदाबाई म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेतली.

आत बाकं होती, पण शामराव भिंतीपासून हातभर दूर उभे राहिले. नंबर हळू सरकत होते. बाकावर नजफगढकडचा एक जमिनीचा दलाल बसला होता, बोटात अंगठ्या, मोबाइलवर मोठ्याने बोलणारा. बोलणं संपल्यावर त्याने शामरावांना विचारलं, "तुमची कुठे आहे?"

"गाडीत."

"माझीही. डॅशबोर्डमध्ये पडलीय." तो जांभई देत म्हणाला.

शामरावांना त्याची कीव आली. हत्यार असं टाकून येतात? आपली खोललेली आहे आणि वर पहारा आहे. ते मनातून अगदी निश्चिंत होते. तेवढ्यात भोंग्यातून एका गाडीचा नंबर पुकारला गेला. मालकाने ताबडतोब बाहेर यावं. नंबर त्यांच्या मारुतीचा होता.

बाहेर ऊन आणि दमट उकाडा. मारुतीपाशी तीन पोलीस उभे होते. दोन शिपाई, त्यांच्याकडे गाड्यांच्या पोटाखाली सरकवायचा आरसा, आणि एक सब-इन्स्पेक्टर, छातीवर नाव दहिया. पंधरा ऑगस्ट तोंडावर, म्हणून आवारातली एकेक गाडी तपासत ते आले होते. चंदाबाई गाडीबाहेर उभी होती. पाठ दाराला घट्ट लावून, दोन्ही हात मागे हँडलवर. पायाशी गवार सांडलेली.

"ये आपकी मिसेस हैं?" दहियांनी विचारलं.

"जी साहेब."

"विचारलं, मागे काय आहे. म्हणाल्या, बंदूक. म्हटलं, दाखवा. म्हणाल्या, मालक आल्याशिवाय हात लावायचा नाही. मला! वर्दी दिसतेय ना मी घातलेली?"

"वर्दी कोणीही घालतं," चंदाबाई हिंदीत म्हणाली. मग मराठीत नवऱ्याला म्हणाली, "उतरले नव्हते मी. यांनी दार उघडायला हात घातला म्हणून उतरले. आत शिरू दिलं नाही कोणाला."

शामरावांनी लायसन्स काढून दिलं. दहियांनी ते उलटसुलट पाहिलं. शिपायाने सीटखालून दोन्ही खोळी काढल्या. नळी बाहेर आली तशी बाजूच्या गाडीतला ड्रायव्हर आपली गाडी सोडून लांब जाऊन उभा राहिला.

"चला, खोलीत," दहिया म्हणाले.

खोली म्हणजे फाटकालगतची चौकी. एक टेबल, एक पंखा. दहियांनी चंदाबाईला खुर्ची दिली. ती बसली नाही. शामराव उभे होते, मग ती कशी बसणार?

दहिया वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळ विचारलं, "लायसन्स कोणाच्या नावावर?"

"माझ्या."

"बंदूक कोणाजवळ होती?"

प्रश्न कुठे चाललाय ते शामरावांना आत्ता दिसायला लागलं.

"गाडी घरची असेल, बायको घरची असेल," दहिया म्हणाले, "पण बंदूक तुमची एकट्याची. बिनलायसन्सच्या माणसाच्या ताब्यात ती द्यायची नाही. हे काय लायसन्स घेताना वाचलं नव्हतं?"

"खोललेली होती साहेब. काडतूस एकही नाही."

"खोलल्याने काय होतं? कायद्यात बंदुकीचा भागसुद्धा बंदूकच. नळी हत्यार, दस्ताही हत्यार. वर सरकारी आवार, आणि आठवडा कोणता आहे ते बघा."

"गाडीत ठेवा असं तुमच्याच शिपायाने सांगितलं," चंदाबाई म्हणाली.

दहियांनी दारावरच्या शिपायाला बोलावून घेतलं. तो आला, त्याने शामरावांकडे पाहिलंच नाही.

"मैंने? मैंने तो बोला था, गाड़ी के पास रहो."

"हा खोटं बोलतोय!" चंदाबाई उसळली.

शामरावांनी तिच्या कोपराला हात लावला. शिपायाचा गळा घामाने थबथबला होता. दिवसभर दारात उभा होता तोही. त्याने खरं सांगितलं तर त्याची नोकरी जाणार, आणि त्याने नोकरी घालवली तरी शामरावांचं काही सुटणार नव्हतं. त्यांनी त्याला जाऊ दिलं.

"मग करायचं तरी काय माणसाने?" चंदाबाईने दहियांना विचारलं. "तुम्हीच बंदूक घेऊन बोलावता. आत नेऊ देत नाही. गाडीत ठेवायची नाही. मग?"

"आपल्या हातात ठेवायची."

"हातात घेऊन कुठे उभं राहायचं?"

"आवाराबाहेर."

"रस्त्यावर बंदूक घेऊन? तुमची दुसरी गाडी येऊन धरेल."

दहियांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. "बहनजी, नियम मी केलेले नाहीत."

मग ते शामरावांकडे वळले. त्यांनी आवाज खाली आणला. "ऐका. गाडी बंद होती, आत कोणी नव्हतं, असं लिहितो. निष्काळजीपणा होईल, तो तुमच्यावर. लायसन्सचं काय करायचं ते वरचे ठरवतील. बाईंचं नाव येणार नाही."

"लिहा," शामराव लगेच म्हणाले.

"कोणी नव्हतं कसं?" चंदाबाई मराठीत कडाडली. "मग मी कोण होते? सकाळपासून त्या भट्टीत बसलेय. पाणी संपलं तरी उतरले नाही. लघवीलासुद्धा गेले नाही. आणि लिहायचं की गाडी रिकामी होती?"

"चंदा, गप्प बस जरा."

"गप्प काय? सही मागतील ना माझी? नाही करणार."

"क्या बोल रही हैं?" दहियांनी विचारलं.

"म्हणतेय, गर्मी फार आहे."

"मैंने बोला, मैं बैठी थी," चंदाबाईने स्वच्छ हिंदीत सांगितलं. "पूरा टाइम मैं बैठी थी. लिखो."

दोघे शिपाई छताकडे बघायला लागले. दहियांनी पेन खाली ठेवलं. त्या दोघांनी बाईला गाडीत पाहिलं होतं, आवारात कॅमेरे होते, आणि आता बाई स्वतःच सांगत होती. खोटं लिहायची सोय राहिली नव्हती.

"मग दोनच रस्ते," ते म्हणाले. "जे झालं ते लिहितो. त्यात बंदूक कोणाच्या ताब्यात होती, हे बाईंच्या नावाने येईल. पुढे कोर्ट. सुटतीलही, पण किती वर्षांनी ते मी सांगू शकत नाही. नाहीतर दुसरा. लायसन्स या महिन्यात संपतंच आहे. अर्ज द्या की आता नको, वय झालं. बंदूक इथेच जमा करा. तुम्ही बंदूक घेऊन आलात, जमा केलीत, घरी गेलात. मग मला लिहायला काही उरत नाही."

शामरावांना बँकेचं दार दिसलं. ती पायरी, सकाळी साडेनऊच्या आधीच येऊन बसणारे पेन्शनवाले. बंदूक गेली की दार गेलं. या वयात नवं लायसन्स कोणी देत नाही. ते सगळं त्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा एकदा उचलून बघावी लागते, तेव्हाच तिचं वजन कळतं.

"नाही," चंदाबाई म्हणाली. "करा म्हणावं केस. मी चोरी केलेली नाही. मी येईन कोर्टात."

शामरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "साहेब, कागद द्या."

"अहो!"

"कागद द्या."

त्यांनी अर्ज हिंदीत लिहिला. अक्षर फौजेतलं, सुटं आणि उभं. कारणाच्या जागी लिहिलं, वय. सही केली. मग फडकं मागितलं. चौकीत फडकं नव्हतं, म्हणून चंदाबाईच्या पिशवीतला रुमाल घेतला आणि नळी बाहेरून पुसली. शिपायांचे घामाचे हात लागले होते, त्याचा गंज दोन दिवसांत धरला असता. बंदूक त्यांनी टेबलावर जोडली, बिजागरीतून मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं दहियांना दाखवलं, पुन्हा बंद केली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. दहिया उभे राहिले आणि त्यांनीही ती दोन्ही हातांनी घेतली.

परत येताना कापडाचं दुकान मागे पडलं, चंदाबाई थांबा म्हणाली नाही. पालमचं रेल्वे फाटक ओलांडल्यावर तिने तोंड उघडलं.

"मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही म्हणाले असते."

"म्हणून नाही विचारलं."

"कोर्टात मी सरळ सांगितलं असतं, मी बसले होते, सगळा वेळ, हत्याराजवळ."

"कोर्टाला तेच हवं होतं, चंदा."

तिने मांडीवरची पिशवी घडी घालून ठेवली. मग म्हणाली, "मला भीती नव्हती वाटली."

"मला वाटली."

लग्नानंतर इतक्या वर्षांत शामरावांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते बँकेत सांगून आले. मॅनेजर हळहळला, चहा पाजला, आणि एजन्सीला दुसरा गनमॅन पाठवायला फोन केला. नवा माणूस येईपर्यंत शामराव दारात मोकळ्या हाताने उभे राहिले. पेन्शनवाल्यांनी विचारलं, बंदूक कुठे? ते म्हणायचे, जमा. नवा माणूस आला तेव्हा त्यांनी त्याला दुपारचं ऊन कुठून कुठे सरकतं ते दाखवलं, कोणत्या आजोबांना कोणत्या बाजूने हात द्यायचा ते सांगितलं आणि ते घरी आले.

एजन्सीने त्यांना मयूर विहारच्या एका सोसायटीत लावलं. पार दुसऱ्या टोकाला. पहाटेच मेट्रो धरावी लागते. फाटकापाशी प्लॅस्टिकची खुर्ची आहे. तिथले लोक म्हणतात, अंकल, बसा ना. शामराव बसतात, पण थोडा वेळ. बसून फाटक दिसतं, रस्ता दिसत नाही. पट्टा नसला तरी जेवणानंतर त्यांचा डावा खांदा आपोआप थोडा वर होतो. त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

पुढच्या पौर्णिमेला वस्तीतल्या बुद्धविहारात वंदना झाल्यावर खीर वाटली गेली. बायका एका बाजूला बसल्या होत्या, पुरुष दुसऱ्या. विदर्भातलीच सगळी घरं, एकमेकांचं सगळं माहीत असलेली. त्यात चंदाबाईचा आवाज वर येत होता.

"मी म्हटलं, मालक आल्याशिवाय हात लावायचा नाही. तो म्हणतो, मी इन्स्पेक्टर आहे. म्हटलं, असशील."

"बाप्पा! आणि मग?"

"मग काय, उभा राहिला. बोलावणं पाठवलं यांना."

हेमांगी नावाची एक बाई होती, शाळेत शिकवणारी. तिने पलीकडे मान वळवून विचारलं, "खरं का हो, शामराव?"

शामरावांनी खिरीची वाटी खाली ठेवली. सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या, एक चंदाबाई सोडून. ती हातातल्या चमच्याकडे बघत होती.

"खरं आहे," ते म्हणाले. "मी बरेच संत्री पाहिले. असा पहारा थोड्यांनी दिला."

"मग बंदूक गेली कशी?" हेमांगीने विचारलं.

"माझ्या पहाऱ्यात नाही गेली," चंदाबाई म्हणाली. "यांनी दिली."

"हो," शामराव म्हणाले. "मी दिली."